नाकारलेल्या ढिगापासून सुरुवात: प्लास्टिकचे संकलन आणि वर्गीकरण अधिक कार्यक्षम कसे करावे

वर्गीकरण केंद्र सुधारायचे ठरले की चर्चा बहुतेक वेळा नव्या यंत्रापासून सुरू होते. माझ्या मते ती केंद्राच्या मागच्या दाराशी सुरू व्हायला हवी, कारण छाननीच्या सरकत्या पट्ट्यावरून कुणीही न उचललेला माल दिवसभर तिथेच साचत जातो. हा ढीग थोडा उकरून पाहिला तर तळाशी दोन बोटे शांपू शिल्लक असलेली आणि पंप तसाच ठेवलेली बाटली सापडते, काळा ट्रे सापडतो, गाठ मारलेल्या पिशवीत कोंबलेल्या आणखी पाच पिशव्या सापडतात. आणि हमखास सापडते ती पाण्याची एखादी स्वच्छ, पारदर्शक बाटली, जी तिथे असण्याचे काहीच कारण नव्हते. यातली प्रत्येक वस्तू आधीच्या कुठल्या ना कुठल्या पायरीवर काय चुकले ते दाखवते. म्हणून पुढची मांडणी या ढिगापासून मागे, म्हणजे पट्ट्याकडे, गाडीकडे आणि घरातल्या डब्याकडे जाते आणि मग पुन्हा पुढे, विक्रीसाठी बांधलेल्या गठ्ठ्यापर्यंत येते.

आधी साखळीचे गणित

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार २०१५ पर्यंत निर्माण झालेल्या एकूण प्लास्टिक कचऱ्यापैकी सुमारे ९ टक्क्यांचीच पुनर्प्रक्रिया झाली होती, सुमारे १२ टक्के जाळला गेला होता आणि उरलेला सुमारे ७९ टक्के कचरा भराव-क्षेत्रात किंवा उघड्या निसर्गात साचलेला होता. आकडा इतका लहान राहण्याचे एक साधे कारण असे की संकलन, वर्गीकरण आणि प्रक्रिया या तीन टप्प्यांचे उतारे, म्हणजे प्रत्येक टप्प्यातून पुढे जाणारे मालाचे वाटे, एकमेकांत मिळवले जात नाहीत, ते गुणले जातात. समजा ६० टक्के माल गोळा झाला, त्यातला ८० टक्के योग्य गठ्ठ्यात पोहोचला आणि गठ्ठ्यातल्या ८० टक्के मालाचे दाणे झाले, तर हाती येतात अवघे ३८ टक्के. इथे वर्गीकरण ८० वरून ९० टक्क्यांवर नेले तर एकूण उतारा ४३ टक्के होतो, पण संकलन ६० वरून ७५ टक्क्यांवर नेले तर तो ४८ टक्के होतो. कोणत्या टप्प्यावर पैसा आणि माणसे लावायची हे आपापल्या केंद्राचे आकडे या साखळीत घालून ठरवावे, कारण प्रत्येक ठिकाणी कमकुवत कडी वेगळी असते.

मोजमाप: उतारा आणि शुद्धता

प्रत्येक मालासाठी दोन आकडे हवेत. पट्ट्यावर आलेल्या मालापैकी किती योग्य गठ्ठ्यात पोहोचला, हा उतारा. गठ्ठ्यात जे आहे त्यापैकी खरोखर तोच माल किती, ही शुद्धता. समजा १००० किलो मिश्र मालात ३०० किलो पेट (पाण्याच्या पारदर्शक बाटल्यांचे प्लास्टिक) होते आणि २५० किलोचा गठ्ठा निघाला, ज्यात २४० किलो पेट आहे. शुद्धता ९६ टक्के झाली, उतारा मात्र ८० टक्केच, आणि उरलेले ६० किलो पेट नाकारलेल्या ढिगात किंवा दुसऱ्याच गठ्ठ्यात गेले. हे दोन आकडे सहसा एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. यंत्र किंवा माणूस जितका चोखंदळ, तितका माल हातचा सुटतो. त्यामुळे केवळ शुद्धतेवर बक्षीस ठेवले की उतारा घसरतो आणि केवळ वजनावर ठेवले की गठ्ठ्यात काहीही भरले जाते. एकच आकडा सांगणाऱ्या अहवालावर विश्वास ठेवू नये.

नमुना घेण्याची शिस्त साधी आहे, पण ती पाळली जात नाही. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या मार्गांवरच्या गाड्यांमधून माल घ्यावा, तो मोकळ्या फरशीवर चांगला मिसळावा, त्याचा ढीग करून चार भाग पाडावेत आणि समोरासमोरचे दोन भाग ठेवून उरलेले बाजूला काढावेत. सुमारे १०० किलो उरेपर्यंत हेच करत राहावे आणि मग हाताने वेगळे करून प्रत्येक प्रकाराचे वजन करावे. ओलावा वेगळा नोंदवणे विसरू नये. पातळ पिशव्यांवर पाणी आणि माती इतकी चिकटते की पावसाळी दिवसाचे वजन कोरड्या दिवसाच्या वजनाशी ताडून पाहणे निरर्थक ठरते.

नाकारलेला ढीग वाचणे

आता त्या ढिगातला तसाच नमुना घेऊन त्याचे चार वाटे करावेत. पहिल्या वाट्यात केंद्राने कधी मागितलाच नव्हता असा माल येतो, म्हणजे खेळणी, पाण्याचे पाइप, डायपर. दुसऱ्यात मागितलेला पण खरकटा, ओला किंवा अर्धवट भरलेला माल. तिसऱ्यात पूर्णपणे चांगला पण पट्ट्यावरून सुटलेला माल, आणि चौथ्यात जो मुळात वेगळा करताच येत नाही असा: एकावर एक चिकटवलेल्या थरांची पाकिटे, काळे ट्रे, बाटलीला वरपासून खालपर्यंत झाकणारी वेष्टने.

या चार वाट्यांची औषधे वेगवेगळी आहेत आणि त्यांची अदलाबदल करणे हीच सर्वांत महागडी चूक असते. पहिला वाटा मोठा असेल तर लोकांपर्यंत गेलेली सूचना चुकीची किंवा अस्पष्ट आहे. दुसरा मोठा असेल तर डबे, संकलनाची वेळ आणि गाडी यांच्याकडे पाहावे. तिसरा मोठा असेल तेव्हाच पट्टा, माणसे आणि यंत्रे यांचा प्रश्न येतो. चौथ्या वाट्यावर केंद्र स्वतः फारसे काही करू शकत नाही, पण त्याची छायाचित्रांसह आणि वजनांसह नोंद ठेवली तर वेष्टन बनवणाऱ्यांशी आणि नियम करणाऱ्यांशी बोलताना ती मोलाची ठरते. तिसरा वाटा लहान असताना नवे यंत्र बसवले, तर ते यंत्र जवळपास रिकाम्या हाताने काम करत राहते.

संकलन: माल जिथे बिघडतो ती जागा

प्लास्टिक वजनाने हलके आणि आकाराने अवाढव्य असते, ही संकलनाची मूळ अडचण. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीत साधारण १० ग्रॅम प्लास्टिक असते, म्हणजे एक टन मालासाठी सुमारे एक लाख बाटल्या लागतात आणि त्या न चेपता नेल्या तर गाडी किमान ५० घनमीटर हवा वाहून नेते. त्यामुळे गाडी वजनाने नव्हे, जागेने भरते, आणि मार्गाची आखणी दर फेरीला किती घनमीटर माल उचलला जातो यावर करावी लागते. डबा किती भरला होता हे प्रत्येक थांब्यावर नोंदवणारा चालक दोन-तीन आठवड्यांत मार्ग सुधारण्यासाठी लागणारी जवळजवळ सगळी माहिती देऊन जातो. जे डबे सतत अर्धे रिकामे असतात तिथल्या फेऱ्या कमी करून, ओसंडणाऱ्या डब्यांकडे वळवाव्यात. ओसंडलेल्या डब्याशेजारी ठेवलेला माल भिजतो आणि त्यावर इतर कचरा येऊन पडतो.

मग चेपायचे किती? इथे सरसकट उत्तर देणारा सल्ला चुकतो. प्लास्टिक वेगळे गोळा होत असेल तर बाटली चेपून हवा काढणे चांगले. पण कागद आणि प्लास्टिक एकाच डब्यात येत असेल आणि केंद्रात चपटा व गोल माल आकारावरून वेगळा केला जात असेल, तर सपाट चेपलेली बाटली कागदासोबत निघून जाते. रिकामी बाटली घेऊन खरेदीच्या वेळी भरलेली अनामत परत देणाऱ्या यंत्रांना तर बाटली आकार न मोडता, वेष्टनावरचा बारकोड वाचता येईल अशीच हवी असते. गाडीतल्या दाबालाही हाच न्याय लागू होतो. जास्त दाबाने फेरी कमी होते, पण काच फुटून तिचे तुकडे मालात रुततात आणि बाटल्या एकमेकींत इतक्या अडकतात की पट्ट्यावर त्या सुट्या होत नाहीत.

झाकणाबाबतही गोंधळ असतो. पेटच्या बाटलीचे झाकण पॉलिप्रॉपिलीनचे किंवा एचडीपीईचे (जास्त घनतेच्या पॉलिथीनचे) असते, ते पाण्यावर तरंगते आणि पेट बुडते, त्यामुळे प्रक्रियेच्या टाकीत ते आपोआप वेगळे होते. सुटे झाकण मात्र चाळणीच्या भोकातून बारीक कचऱ्यासोबत गळून जाते. म्हणून बाटली रिकामी करावी, हवा काढायची असेल तर काढावी आणि झाकण पुन्हा लावावे. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून पेयांच्या तीन लिटरपर्यंतच्या प्लास्टिक बाटल्यांना झाकण जोडलेलेच असणे बंधनकारक झाले आहे. त्यामागचा मुख्य हेतू झाकणे रस्त्यावर आणि किनाऱ्यावर पडू नयेत हा असला, तरी वर्गीकरणाला त्याचा फायदाच होतो.

लोकांना द्यायच्या सूचनेत वस्तूवर त्रिकोणात उठवलेल्या आकड्यांवर भर देणे मी टाळेन. १ ते ७ हे आकडे १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने राळेचा, म्हणजे मूळ प्लास्टिकचा, प्रकार ओळखता यावा म्हणून आणले. वस्तू पुनर्प्रक्रियेला जाईलच, अशी हमी त्यांत कधीच नव्हती. एकमेकांचा पाठलाग करणाऱ्या बाणांमुळे लोकांचा गैरसमज होतो हे लक्षात आल्यावर २०१३ साली प्रमाणकात बाणांऐवजी साधा भरीव त्रिकोण आला, पण जुने साचे अजून वापरात आहेत. त्यापेक्षा डब्यावर वस्तूंची चित्रे लावावीत: ही बाटली हो, हा डबा हो, ही पिशवी नाही. चित्रे थोडी ठेवावीत आणि ती केंद्राला खरोखर विकता येणाऱ्या मालाचीच असावीत. चुकीचा माल आलेल्या डब्याला, काय चुकले त्यावर खूण केलेली चिठ्ठी अडकवून तो तसाच मागे ठेवणे हे मोठ्या जाहिरातीपेक्षा जास्त परिणाम करते, मात्र चिठ्ठी त्याच दिवशी आणि त्याच डब्याला लागली पाहिजे.

सुका माल पिशवीत बांधून देऊ नये, ही सूचना चित्रांइतकीच ठळक हवी. पिशवी फोडण्यात पट्ट्यावरचा वेळ जातो आणि फाटलेली पिशवी फिरत्या चाळणीच्या दांड्यांभोवती गुंडाळली जाऊन ती जाम करते. ती कापून काढण्यासाठी ओळ थांबवावी लागते, वीज तोडून कुलूप लावावे लागते आणि माणसाला यंत्राच्या आत उतरावे लागते. केंद्रात काही तास गेले कुठे हे शोधायला निघालेल्या व्यवस्थापकाने पहिल्यांदा या दांड्यांकडे पाहावे.

पेयांच्या बाटल्यांपुरती अनामत पद्धत वेगळ्याच पातळीवर काम करते. लिथुआनियात ती २०१६ साली सुरू झाली. तोवर बाटल्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश परत येत होत्या, दोन वर्षांच्या आत हे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेले. शिवाय असा माल एकाच प्रकारचा आणि स्वच्छ येतो. पण ही गोष्ट कायद्याने घडते, एकट्या केंद्राच्या हातात ती नसते, आणि ती आल्यावर केंद्राच्या पट्ट्यावरून सर्वांत किमती माल निघून जातो, हेही हिशेबात धरावे लागते. जिथे कचरावेचक आधीपासून माल वेगळा करतात तिथे त्यांना वगळून नवी व्यवस्था उभारणे हे अन्यायाचे तर आहेच, पण अकार्यक्षमही आहे. कोणता माल विकला जातो आणि कोणता नाही, हे त्यांच्याइतके क्वचितच कुणाला ठाऊक असते.

पट्ट्यावरचा क्रम

सर्वांत आधी जे यंत्र मोडेल किंवा माणसाला इजा करेल ते काढावे: मोठे तुकडे, दोर, तारा, गॅसचे डबे आणि बॅटरीवर चालणाऱ्या वस्तू. लिथियम बॅटरी चेपली किंवा छेदली गेली की पेट घेते, आणि सुक्या मालाच्या ढिगात ती आग झपाट्याने पसरते. म्हणून पहिल्या छाननीच्या टेबलाशेजारी कोरड्या वाळूचा डबा आणि बॅटऱ्यांसाठी वेगळे भांडे असावे. मग चाळणीने बारीक कचरा पाडावा, हवेने किंवा उतरत्या हलत्या फळ्यांनी चपटा माल गोल मालापासून वेगळा करावा, चुंबकाने लोखंड आणि भोवरी विद्युत्प्रवाहाच्या यंत्राने ॲल्युमिनियम काढावे आणि मगच प्लास्टिकचे प्रकार वेगळे करायला घ्यावेत. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचा भार हलका करते. क्रम उलटा केला तर महागडे यंत्र मातीच छाटत बसते.

पट्ट्यावरच्या थराची जाडी ही गोष्ट फुकटात सुधारता येते, तरी तिच्याकडे दुर्लक्ष होते. लोडरचालक बादलीभर माल एकदम टाकतो, पट्ट्यावर डोंगर येतो, मग मोकळी जागा येते आणि मग पुन्हा डोंगर. डोंगराखाली दडलेली बाटली ना माणसाला दिसते ना यंत्राला. सुरुवातीला माल मोजून सोडणारे यंत्र असेल तर उत्तम, नसेल तर लोडरचालकाला पट्ट्याच्या शेवटी अर्धा दिवस उभे करावे. त्याला जे दिसते ते कोणत्याही सूचनाफलकाने समजावता येत नाही.

हाताने छाननी

सरावलेला माणूस मिनिटाला साधारण ३० ते ४० वस्तू उचलतो. वेग त्याहून वाढवला तर चुका वाढतात, आणि दर तासाला थोडी विश्रांती व जागांची अदलाबदल नसेल तर दुपारनंतर उतारा हमखास पडतो. एका माणसाला एकाच वेळी दोन, फार तर तीन प्रकारच शोधायला द्यावेत. जड किंवा किमती वस्तू आधीच्या जागांवर उचलाव्यात. उचललेली वस्तू टाकायची घसरण माणसाच्या बाजूला किंवा समोर असावी, पाठीमागे नको. पट्टा कमरेच्या उंचीवर आणि हात पुरेल इतकाच रुंद असावा, आणि वरचा प्रकाश चकाकी न आणणारा पांढरा असावा. टोचणार नाहीत असे हातमोजे, लस आणि हाताच्या अंतरावर पट्टा थांबवणारी दोरी या गोष्टी खर्चाच्या यादीत शेवटी टाकणारे केंद्र दर आठवड्याला नवी माणसे शिकवत बसते.

ओळखण्याची कसब शिकवता येते. बाटली उलटी करून तळ पाहावा. पेटच्या बाटलीच्या तळाच्या मध्यभागी साच्यात माल शिरल्याची एक छोटी गोल गाठ असते. पीव्हीसीच्या बाटलीच्या तळावर त्याऐवजी सरळ जोडरेषा दिसते, आणि ती बाटली नखाने दुमडली की घडीवर पांढरा ओरखडा उठतो. एचडीपीईच्या बाटलीच्या तळावरही जोडरेषा असते, पण ती दुधी किंवा रंगीत असते आणि हाताला मेणासारखी लागते. शंका आली तर तपासण्यासाठी टेबलाजवळ एक पाण्याची आणि एक मिठाच्या संपृक्त द्रावणाची बरणी ठेवावी. वस्तूचा तुकडा कापून, बोटाने चोळून हवेचे बुडबुडे काढून टाकला की पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीन साध्या पाण्यावर तरंगतात. घन पॉलिस्टायरीनची घनता सुमारे १.०५ असल्याने ते पाण्यात बुडते पण मिठाच्या द्रावणात वर येते. पेट आणि पीव्हीसी दोन्हींत बुडतात. खडूची किंवा शंखजिऱ्याची भर घातलेले पॉलिप्रॉपिलीन मात्र या परीक्षेत फसवते, कारण भर जास्त असेल तर तेही बुडते.

प्रकाशीय यंत्र असेल तर

ही यंत्रे वस्तूवर डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश टाकतात आणि परतलेल्या प्रकाशावरून राळ ओळखून हवेच्या फवाऱ्याने ती वेगळी उडवतात. पट्टा सेकंदाला सुमारे ३ मीटर धावत असतो, म्हणून ओळख आणि फवारा यांतला क्षणाचाही फरक चालत नाही. यंत्राचा दोष म्हणून ज्या तक्रारी येतात त्यांतल्या पुष्कळशा देखभालीच्या असतात: दिव्याच्या काचेवर धूळ, बंद पडलेली नळी, घसरलेला हवेचा दाब, पट्ट्यावर घरंगळणाऱ्या गोल बाटल्या. ओळखीच्या वस्तूंचा एक संच, समजा प्रत्येक प्रकाराच्या ५० वस्तू, खूण करून ठेवावा आणि दर पाळीच्या सुरुवातीला पट्ट्यावरून सोडून किती बरोबर उडाल्या ते लिहावे. आकडा ज्या दिवशी घसरतो त्याच दिवशी दुरुस्ती होते.

काही वस्तूंना मात्र यंत्र दाद देत नाही. काजळीने काळे केलेले प्लास्टिक हा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे ते पट्ट्याइतकेच अदृश्य राहते. पूर्ण वेष्टनाच्या बाटलीत यंत्र बाटली न पाहता वेष्टन पाहते. अशा वस्तूंसाठी यंत्रानंतर एक माणूस उभा करणे हा अजूनही सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

कोणती चूक किती महाग

सगळी भेसळ सारखी नसते. पेटमध्ये पीव्हीसी जाणे ही सर्वांत वाईट चूक. पेट वितळायला २५० अंश सेल्सिअसच्या वर तापवावे लागते, आणि त्याआधीच पीव्हीसी विघटित होऊन हायड्रोजन क्लोराइड सोडते, जे पेटच्या साखळ्या तोडते, माल पिवळा पाडते आणि यंत्र गंजवते. दोन्ही पाण्यात बुडतात, त्यामुळे प्रक्रियेच्या टाकीतही ती चूक सुधारत नाही. म्हणून दर दशलक्ष भागांत काही दहा भागांचीही भेसळ खरेदीदाराला खुपते. पीएलएच्या (वनस्पतिजन्य प्लास्टिकच्या) बाटल्याही पेटसारख्याच दिसतात आणि वाळवणीच्या तापमानाला मऊ होऊन गोळे करतात. उलट पेटमध्ये पॉलिप्रॉपिलीनचे झाकण किंवा कागदाचे लेबल गेले तर ते धुण्यात निघून जाते. माणसांचे लक्ष मर्यादित असते, ते पीव्हीसीवर खर्च करावे, झाकणांवर नाही.

गठ्ठा आणि परतीची तक्रार

२०१८ साली चीनने आयात मालातील भेसळीची मर्यादा ०.५ टक्क्यांवर आणली, घरगुती प्लास्टिक कचऱ्याची आयातच बंद केली आणि अनेक देशांतल्या केंद्रांचा माल अचानक विकेनासा झाला. तोवर खपत असलेली शुद्धता मुळात किती कमी होती, हे तेव्हा उघड झाले. गठ्ठा बांधण्यापूर्वी खरेदीदाराचे लेखी निकष पट्ट्याजवळ लावावेत, बाटल्या आणि ट्रे यांचे पेट वेगळे बांधावे, कारण ट्रेचा ठिसूळ माल दळताना जास्त भुकटी करतो, आणि गठ्ठे छपराखाली ठेवावेत. प्रत्येक गठ्ठ्यावर तारीख, पाळी आणि पट्ट्याचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. आठवड्यातून एक गठ्ठा कोणताही ठरवून न निवडता फोडावा, हाताने मोजावा आणि निकाल त्याच पाळीतल्या माणसांसमोर वाचावा. खरेदीदाराची तक्रार आली की चिठ्ठीवरून ती पाळी, तो पट्टा आणि त्या दिवशी माल आणलेली गाडी शोधता येते, आणि नाकारलेल्या ढिगाचा पुढचा नमुना त्याच मार्गावरच्या मालाचा घ्यायचा.